माझे एकोणतीस आणि तो तिसावा

माझं बोलणं रुपयातले बारा आणे वजा करून ऐकावं, अशी आमच्या कंपनीच्या बसमध्ये पद्धत आहे. चाकणला आमच्या प्रेस शॉपमध्ये बिबट्या शिरला, मी त्याला गेटपास विचारला आणि गेटपास नसल्यामुळे तो खाली मान घालून परत गेला, ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता त्या बिबट्यालाही ती खरी वाटत असेल. पण पुढे जे लिहितोय त्यातून आणे वजा करू नका. माझ्या मुलीनं, प्राजक्तानं, हे आधी वाचलंय. जिथं मी वाहवत गेलो तिथं तिनं समासात पेन्सिलनं नुसतं 'पप्पा' असं लिहिलं. ती सगळी वाक्यं मी काढली. बिबट्या तेवढा हट्टानं ठेवला.

मला डिप्रेशन झालं होतं. पूर्ण गेलेलं नाही, गोळी चालू आहे. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन रविवार लागले. आजाराची लाज आता बरीच ओसरली. डॉक्टरबाईंनी समजावलं, पोरीनं समजावलं, आणि माझ्यासारखे ओपीडीच्या बाकावर इतके दिसले की लाज वाटायची तर कुणाकुणाची, असं झालं. पण त्या आजारात मी जे करून बसलो त्याची लाज ओसरत नाही. ती ओसरूही नये. हे कागद त्यासाठीच लिहितोय. जो कुणी माझ्यासारखा हसवत फिरतोय त्यानं वाचावेत.

माझा दरबार

मी दिलीप. वय सत्तेचाळीस, राहणार काळेवाडी. ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट घ्यायचा, मायक्रोमीटरनं मोजायचा, रीडिंग शीटवर लिहायचं. वडील फौंड्रीत होते. बायको वैशाली घरी ब्लाउज शिवते. प्राजक्ता एकुलती एक, मानसशास्त्रात एम.ए. करत होती. आमच्या खानदानात 'प्रबंध' हा शब्द तिच्यामुळे पहिल्यांदा घरात आला. तोपर्यंत आम्हाला फक्त 'प्रबंधक' ठाऊक होता, तो म्हणजे विहाराच्या हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते तो.

सकाळी पावणेसहाला बस काळेवाडी फाट्यावरून सुटते आणि सातच्या आत चाकणला पोचते. चाळीस सीटची बस. त्या सव्वा तासाचा मी राजा. ड्रायव्हरनं एकदा टेप बिघडला तरी दुरुस्त केला नाही, म्हणाला, "दिलीपभाऊ आहेत की." विहारात कार्यक्रम असला की माईक माझ्याकडे, लग्नात नवरदेवापेक्षा फोटो माझे जास्त. असा मी.

आणि वर्षभर काय होत होतं, तर बस गेटवर थांबली की लोक हसून डोळे पुसत उतरायचे आणि मी सीटवर तसाच. पाय उचलायला क्रेन मागवावी लागेल असं वाटायचं. ड्रायव्हर म्हणायचा, "काय भाऊ, माझ्याबरोबर डेपोत येताय का?" तोही लोकांना विनोद वाटायचा. घरी आलो की नळ सोडून बाथरूममध्ये नुसता उभा राहायचो, कारण नळाच्या आवाजात कुणी हाक मारत नाही. जेवण म्हणजे पुठ्ठा. वैशालीशी बोललो तर भांडण, नाही बोललो तर ती म्हणायची, "आज दरबार बंद वाटतं?"

कारण विचाराल तर नव्हतं. नोकरी होती, घर होतं, पोरगी शिकत होती. कारण नव्हतं याचीच जास्त चोरी वाटायची. ज्याला दुःख आहे त्यानं रडावं. मी कशाच्या नावानं रडणार?

चाळीस काय, चारशे आणतो

प्राजक्ताचा विषय असा होता: कारखान्यात काम करणाऱ्या माणसांचा स्वभाव, त्यांच्या आजूबाजूची माणसं आणि त्यांचं मन. तिनं मला साध्या शब्दांत सांगितलं, "माणूस बोलका आहे की घुमा, अडीनडीला त्याला माणसं किती, आणि आतून तो कसा आहे, याचा एकमेकांशी काय संबंध लागतो ते बघायचंय."

मी म्हटलं, "म्हणजे बोलक्या माणसाला काही होत नाही, हे सिद्ध करायचंय ना?"

"सिद्ध नाही करायचं, पप्पा. बघायचंय."

तिला चाळीस फॉर्म भरून हवे होते. तीन पानी फॉर्म. पहिल्या पानावर स्वभाव, दुसऱ्यावर माणसं, तिसऱ्यावर मन. नाव लिहायचं नाही, फक्त टिक करायची. सगळ्यात शेवटचा प्रश्न होता, 'आपण नसतो तर बरं झालं असतं' असं गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा वाटलं? त्याच्या खाली, असं वाटत असेल तर कुठे फोन करायचा त्याची चिठ्ठी जोडलेली.

"जबरदस्ती करायची नाही," तिनं बजावलं. "वाचून दाखवायचं नाही. भरलेला फॉर्म उघडून बघायचा नाही. आणि आठवड्यात नाही जमले तर नाही जमले, मला सांगायचं."

"चाळीस काय, चारशे आणतो! बाप कोण आहे तुझा?"

हे वाक्य माझ्या गळ्यात पडलं. बसमध्ये मी फॉर्म वाटले, भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. पण तो महिना डिस्पॅचचा होता, माल पाठवायची घाई, सगळे ओव्हरटाइमवर. फॉर्म सीटवर राहिले, सीटखाली गेले, एकावर तर वडापाव खाल्लेला मी डोळ्यांनी पाहिला. शनिवारी मी दारापाशी कापडी पिशवी धरून उभा राहिलो. ज्यांनी भरले त्यांनी उतरताना घडी करून आत टाकले. पिशवीत निघाले अकरा.

पोरीला 'अकराच मिळाले' म्हणायचं होतं. दोनच शब्द. पण त्या बसचा मी राजा होतो ना.

शीट कशी भरतात

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडे दर तासाला पाच पार्ट मोजून लिहायचे असतात. कधी गडबडीत मोजायचं राहतं आणि ऑडिटवाला येणार असतो. मग काही जण मागाहून बसून शीट भरतात. काही जण म्हणजे, मी भरली आहे. नवशिका सगळीकडे एकच आकडा लिहितो आणि पकडला जातो. मुरलेला माणूस आकडे खालीवर करतो, दोन पेन वापरतो, कोपऱ्यात तेलाचं बोट उमटवतो. आणि मधे एखादं वाईट रीडिंग टाकतो, मर्यादेच्या अगदी काठावरचं. वाईट रीडिंगमुळे शीट खरी दिसते.

रविवारी दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी एकोणतीस फॉर्म घेऊन बसलो. चार रंगांची पेनं. काही टिका उजव्या हातानं, काही डाव्या. पहिल्या पानावर मला एवढी मजा आली म्हणून सांगू! एकेक माणूस घडवला. एक भांडखोर, एक लाजाळू, एक देवभोळा, एक बायकोला घाबरणारा. दुसऱ्या पानावर त्यांना मित्र वाटले, कुणाला दोन, कुणाला वीस.

मग तिसरं पान. सगळे आनंदी दाखवले तर पकडला जाणार, हे मला धंद्यानं शिकवलेलं. वाईट रीडिंग हवीत. सकाळी उठावंसं वाटत नाही? हसतो पण आतून काही वाटत नाही? माणसांत असून एकटं वाटतं? वाईट आणायचं कुठून? जे हाताशी होतं तेच वापरलं. एकात टाकलं, दुसऱ्यात टाकलं, आणि मग हात थांबेचना. एकोणतीसच्या एकोणतीस फॉर्मवर मी ते पान भरलं, शेवटच्या प्रश्नासकट. खरं सांगतो, त्या वेळी मला कळलंही नाही. उलट हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा भूक लागली. खाली येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वैशाली म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसते."

सतरा नंबर

त्यानंतरच्या मंगळवारी चार वाजता फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर प्राजक्ता चपला न काढताच आत आली. तोंड पांढरं पडलेलं. वैशाली खिडकीशी मशीनवर बसली होती.

"पप्पा, तुमच्या बसमध्ये काय चाललंय?"

"का गं?"

"चाळीसमधल्या तीस जणांनी शेवटच्या प्रश्नावर टिक केलीय. तीस! आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, त्यांनी आजवर असं बघितलं नाही. उद्या त्या तुमच्या कंपनीत फोन करणार आहेत. समुपदेशक पाठवायचे म्हणतायत."

तिथंच खरं सांगायला हवं होतं. पण जीभ माझ्या आधी पळते. "अगं, काम तसलं आहे. डिस्पॅचचा महिना. सगळेच वैतागलेत."

"वैताग वेगळा पप्पा." तिनं पिशवीतून एक फॉर्म काढला. "हा बघा, सतरा नंबर. लिहिलंय, वीस मित्र आहेत, लोकांना हसवायला आवडतं. आणि पुढच्या पानावर, मनातलं सांगायला एकही माणूस नाही. कोण आहे हा? नाव नका सांगू. पण तुम्हाला अंदाज असेल ना?"

आता बघा हं माझी जात. मी तिथल्या तिथं माणूस उभा केला. "आहे एक पोरगा. नांदेडकडचा. नवीन लग्न झालंय. चांगला गातो. बहुतेक तोच."

प्राजक्ता खाली बसली आणि रडायला लागली. "त्याच्या बायकोला माहीत असेल का हो? एवढा हसरा माणूस आणि रोज असा कामाला जातो... पप्पा, तुम्ही उद्या त्याच्या शेजारी बसा. काही बोलू नका, नुसते बसा."

मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, त्यातल्या एकीवरही कुणी रडलं नव्हतं. माझी पोरगी नांदेडच्या एका नसलेल्या पोरासाठी रडत होती. आणि त्याच्याविषयी ती जे जे म्हणत होती ते सगळं मला लागत होतं. कुणी तरी शेजारी बसावं, नुसतं बसावं, हे मला किती दिवसांपासून हवं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

मी म्हटलं, "सतरा नंबर मी आहे."

"म्हणजे?"

"तो फॉर्म मी भरला."

"मग नांदेडचा?"

"नाहीये कुणी."

तिनं मग पिशवीतला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "अजून कुठले?"

मी एकेक बाजूला काढत गेलो. अठरा, एकवीस, बावीस. वैशालीचं मशीन केव्हाच थांबलं होतं. एकोणतीस झाले तशी प्राजक्ता अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे हा सगळा एकच माणूस आहे. आणि तो आजारी आहे."

माझं निदान असं झालं. डॉक्टरबाईंनी नंतर केलं ते दुसऱ्यांदा.

उरलेला एक

लाज वाटली म्हणून लिहायला सोपं आहे. तिच्या एम.ए.चं मी मातेरं केलं होतं, तेही तिचं भलं करायला निघून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं उरलेले अकरा फॉर्म चाळायला घेतले आणि एकावर थांबली.

"पप्पा, शेवटच्या प्रश्नावर टिक केलेले तीस होते. तुम्ही काढले एकोणतीस."

तिनं तो फॉर्म माझ्यापुढे धरला. "हा तुमचाच ना? नीट बघा."

मी बघितला. टिक केली होती, मग खोडली होती, मग बाजूला परत केली होती. इतकी दाबून की कागदाच्या मागे उमटली होती. मी तसली टिक करत नाही. असल्या ठिकाणी सफाई दाखवणं हेच माझं कसब.

"हा माझा नाही," मी म्हटलं.

त्या अकरातला एक माणूस खरं बोलला होता. आठवडाभर विचार करून, खोडून, परत लिहून. आणि मी त्याच्या अंगावर एकोणतीस खोटी माणसं टाकली होती. पोरीनं योगायोगानं मोजलं नसतं तर 'बापाची थाप' म्हणून सगळा गठ्ठा रद्दीत गेला असता आणि तोही त्याबरोबर.

वैशाली मशीनवरून उठली. मला वाटलं पाणी द्यायला येतेय. ती समोर उभी राहून म्हणाली, "कागदाला सांगितलंत. एकोणतीस वेळा सांगितलंत. मला एकदा नाही?"

तिला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि ढसाढसा रडलो. शेजारच्या शिंदेकाकू धावत आल्या, काय झालं, कोण गेलं म्हणून. वैशालीनं दारातूनच सांगितलं, "कुणी गेलं नाही काकू. आलेत परत." आणि दार लावलं.

बाकावरचे दिवस

गुरुवारी ओपीडी असते. वैशालीनं सुट्टी टाकायला लावली आणि हाताला धरून नेलं. नेताना तिच्या भावाचा फोन आला. स्पीकरवर नव्हता, तरी ऐकू आला. "डोक्याच्या दवाखान्यात? ताई, पोरीचं लग्न व्हायचंय अजून!" वैशाली म्हणाली, "तुझ्या भाऊजींचं डोकं आहे म्हणून नेतेय. तुला कुणी नेणार नाही." आणि फोन ठेवला. त्या दिवसातलं मला मिळालेलं ते पहिलं औषध.

आत डॉक्टरबाईंसमोर मी काय केलं असेल? बिबट्या सांगितला. बाई हसल्या, अगदी मनापासून, चष्मा काढून डोळे पुसले. मी वैशालीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "फार छान सांगता. आता सांगून झाल्यावर तुम्हाला कसं वाटतंय, ते सांगा."

मी तोंड उघडलं. आत काही सापडेना. पाच मिनिटं मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसलो. त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी म्हटलं, "दमायला होतं." बस, एवढंच. पण त्यात एक आणाही वजा करायचा नव्हता. शेवटच्या प्रश्नाबद्दलही त्यांनी सरळ विचारलं, आणि मी सरळ सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. गोळ्यांचा डबा काही दिवस वैशालीकडे ठेवायचा, असं ठरलं आणि वैशालीनं तो डाळीच्या मागे ठेवला.

तीन आठवडे घरी होतो. गोळीनं तोंड कोरडं पडायचं, दुपारी गुंगी यायची. विचारायला येणाऱ्यांना मी पित्त सांगितलं, कधी मणका सांगितला. एकदा एकाच दिवशी एकाला पित्त आणि त्याच्या भावाला मणका सांगितला, त्यामुळे गल्लीत माझ्या मरणाची तयारी सुरू झाली. एवढं होऊनही जीभ खऱ्यावर यायला तयार नव्हती. आजारानं माणूस शहाणा होतो म्हणतात; मी तरी हप्त्या-हप्त्यानं झालो.

वैशाली समजुतीचं काही बोलली नाही. तिनं माझ्यासमोर ब्लाउजांचा ढीग टाकला. "हुक लावा." मी हुक लावायला लागलो. पहिल्या दिवशी तीन, मग दहा, मग वीस. काळेवाडीतल्या निम्म्या बायकांचे हुक माझ्या डिप्रेशननं लावलेले आहेत. (इथं समासात 'पप्पा' आलंय. बरं, पाव बायकांचे.) आम्ही तासन्‌तास समोरासमोर बसायचो, ती मशीनवर, मी सुईदोऱ्याशी. बोलणं फक्त "कात्री द्या" एवढं. लग्नाच्या चोवीस वर्षांत मी तिला एवढा वेळ गप्प बसून पाहिलंच नव्हतं.

प्राजक्ता मात्र गोळीची वेळ विचारण्यापलीकडे माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या मॅडमना तिनं सगळं सांगितलं होतं. माझ्या नावावर ढकलून नव्हे. 'फॉर्म वाटताना मी स्वतः हजर राहायला हवं होतं, चूक माझी' असं लिहून दिलं. तो कागद मी टेबलावर वाचला. माझ्या चुकीखाली तिची सही. चाळीसच्या चाळीस फॉर्म बाद झाले, प्रबंध एक सत्र पुढे गेला, बरोबरच्या मुली पुढे निघून गेल्या.

मी मॅडमना भेटायला गेलो. पाय धरायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघताय, चांगलं आहे. मला काळजी त्या दुसऱ्याची आहे."

"मी शोधतो त्याला. अकरातला एक आहे. बसमधल्या प्रत्येकाची नस मला ठाऊक आहे."

"नाही," त्या एकदम म्हणाल्या. "शोधायचं नाही. नाव न सांगण्याच्या भरवशावर त्यानं ते लिहिलंय. कुणी मागावर आहे असं वाटलं तर तो परत कुणाला काही सांगणार नाही. समुपदेशक येतील, सगळ्यांशी बोलतील. तुम्हाला करायचंच असेल तर स्वतःचं सांगा. त्याचं नाही."

थाप

कामावर परत गेलो त्या सोमवारी बसमध्ये शिट्ट्या वाजल्या. "आले! महाराज आले!" "भाऊ, बिबट्याला भेटायला गेला होता काय?" भोसरी मागे पडली तरी मी बसून होतो. मोशीला उठलो, मधल्या दांड्याला धरलं.

"मित्रांनो, मला पित्त नव्हतं. मणकाही नव्हता. मला डिप्रेशन आहे. वर्षभर मी तुम्हाला हसवत होतो आणि मला जगणं नको झालं होतं. आता गोळ्या घेतोय. गुरुवारी ओपीडी असते. कुणाला यायचं असेल तर मी बरोबर येतो."

आणि मग बस फुटली. माणसं सीटवर हात आपटून हसायला लागली. टाळ्या. "ए, काय तोंड केलंय बघ!" "राव, हे बिबट्याच्या वरचं झालं!" मी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "ॲसिडिटीची आहे ती, माझ्या सासऱ्याकडे आहे!" पुन्हा हशा. सगळ्यात मोठ्यानं हसत होता अस्लम, प्रेस शॉपमधला ऑपरेटर, खिडकीपाशी बसणारा.

मी "खरं सांगतोय, आईशप्पथ" म्हटलं, तर ड्रायव्हर पुढून ओरडला, "आईशप्पथ तर बिबट्यालाही होती, भाऊ!"

मी खाली बसलो. तोंड लपवायला जागा नव्हती, चाळीस सीटची बस. आयुष्यभर खोटी नाणी वाटत आलो आणि आज खरं नाणं काढलं तर कुणी दातानं चावूनही बघेना. आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांना असं हसायला मीच शिकवलं. त्या हसणाऱ्यांत तो एक बसलेला होता. त्याला काय दिसलं असेल? हेच, की असलं काही सांगितलं की माणसं हसतात. मी त्याला दुसऱ्यांदा गाडलं.

गेटवर बस थांबली. लोक पाठीवर थापा मारत उतरले. मी बसून राहिलो. यावेळी पाय उचलत होते, पण उतरायचं तोंड नव्हतं.

सगळे उतरल्यावर पाहिलं तर अस्लम दारात थांबलेला. कानातला इअरफोन काढून बोटाला गुंडाळत होता.

"दिलीपभाऊ, एक विचारू?"

"विचार."

"त्या गोळ्यांनी झोप येते का?" मग घाईनं, "नाही, म्हणजे मी प्रेसवर असतो ना."

प्रेसवर पार्ट ठेवायला हात आत जातो आणि वरून मशीन खाली येतं. डुलकी लागली तर बोटं जातात. थाप ऐकून हसणारा माणूस हा प्रश्न विचारत नाही. हा प्रश्न ज्यानं मनातल्या मनात गोळी घेऊन पाहिली आहे, तोच विचारतो.

माझ्या जिभेवर तीन-चार उत्तरं आली, एकसे एक. मी ती गिळली.

"पहिले आठ-दहा दिवस येते," मी म्हटलं. "डॉक्टरबाईंना आधीच सांगायचं प्रेसवर आहे म्हणून. त्या बघून देतात. वाटलं तर तेवढे दिवस दुसरं काम मागून घ्यायचं. सुपरवायझरशी मी बोलतो, पित्त आहे म्हणून."

पित्त ऐकून तो हसला. मघासारखं नाही, थोडंसंच. "गुरुवारी किती वाजता?"

"नऊला नंबर लावावा लागतो."

"तुम्ही आत येणार माझ्याबरोबर?"

"बाहेर बसतो. हाक मारलीस तर येतो."

त्या गुरुवारी मी बाकावर पावणेदोन तास बसलो आणि कुणाशी एक शब्द बोललो नाही. अस्लम हे त्याचं नाव नाही. हे सगळं त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "टाका, पण नाव बदला, आणि मला जरा उंच करा." तर अस्लम सहा फूट आहे.

प्राजक्तानं नवे फॉर्म दुसऱ्या कंपनीत स्वतः उभं राहून भरून घेतले. मला पिशवीलाही हात लावू दिला नाही. परवा संध्याकाळी तिनं विचारलं, "आज कसं वाटतंय, पप्पा?" मी म्हटलं, "मस्त." ती नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "बरं. सकाळी जड होतं, आता बरं." मग ती आत गेली. एवढीच आमची परीक्षा असते, आणि मी रोज पास होतोच असं नाही.

अस्लम तोच तिसावा होता का, हे मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तोच असावा असं धरून बसायला मला फार आवडलं असतं. पण तो नसेल, तर ज्याच्यावर मी एकोणतीस माणसं टाकली तो अजून माझ्याच बसमध्ये बसून येतो. म्हणून मी आता रोज वेगळ्या सीटवर बसतो. हे शोधणं नाही, असं मी मॅडमना सांगेन. मी फक्त शेजारच्याला विचारतो, "कसा आहेस?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत तोंड उघडत नाही. काही जण मोबाईल बघतात. एकानं मोशी ते चाकण वेळ घेतला आणि मग म्हणाला, "आईचं बरं नाही." लोक म्हणतात दिलीपभाऊ म्हातारा झाला, दरबार बंद पडला.

माझी सीट सोडून बसमध्ये एकोणचाळीस सीट आहेत. काल सव्विसावी झाली.